साखर पुढे लिहा

प्रति,
अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

वर्ध्यात आर्वी नाक्याकडच्या किराणा दुकानांत हल्ली गल्ल्याजवळच, लहान मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, ग्रॅनोला बारची खोकी मांडलेली असतात. वेष्टनावर ओट्सच्या ओंब्या, मधाची धार, बदामाचे काप आणि मोठ्या अक्षरांत 'फायबर'. बिस्किटापेक्षा हे बरे, म्हणून माझ्या ओळखीच्या कितीतरी आया हा बार मुलांच्या डब्यात टाकतात. त्यांची दिशाभूल कशी होते हे आपल्याला मी सांगायला नको. वेष्टनावर काय लिहायचे आणि कुठे लिहायचे, याचे नियम आपणच करता.

माझ्यासमोर असाच एक बार आहे, वजन 40 ग्रॅम. पोषणमूल्यांचा तक्ता मागे, चिकटवलेल्या घडीखाली अर्धा दडलेला. घडी उचकटून वाचले तर 100 ग्रॅममागे साखर 30 ग्रॅम. म्हणजे या एका बारमध्ये 12 ग्रॅम, चहाचे तीन चमचे. घटकांच्या यादीत पहिले नाव ओट्सचे आहे. त्यानंतर साखर, लिक्विड ग्लुकोज, मध, इन्व्हर्ट सिरप अशी चार नावे सुटी सुटी येतात. आपल्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. गोडवा चार नावांत वाटून दिला की एकेकाचे वजन कमी भरते आणि ओट्स वर राहतात. चारही एकत्र मोजले तर पहिले नाव कोणाचे येईल? आपल्या कार्यालयात अन्नशास्त्र शिकलेली माणसे बसतात. हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणालाच पडला नसेल, हे मी कसे मानू?

त्याच तक्त्यात रोजच्या गरजेचा टक्काही दिला आहे. तो 2000 किलोकॅलरी आणि दिवसाला 50 ग्रॅम वरून घातलेली साखर, या हिशेबाने काढलेला. हा हिशेब मोठ्या माणसाचा. दुसरी-तिसरीतल्या मुलाला 2000 किलोकॅलरी लागत नाहीत, आणि बार खाणार आहे ते मूल. जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्यांनीही साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असे सुचवते. त्या मापाने पाहिले तर मधल्या सुट्टीतच मोठ्या माणसाचा निम्मा वाटा संपला.

'फायबर' हा शब्द खोटा आहे असे मी म्हणत नाही. आपल्या 2018 च्या जाहिरात व दावे नियमांनुसार 100 ग्रॅममध्ये 6 ग्रॅम तंतू असले की 'हाय फायबर' म्हणता येते. माझी तक्रार अशी की जे मिरवायचे ते पुढे छापायला मुभा आहे आणि जे सांगायला हवे ते पुढे छापायची सक्ती नाही. आमच्या वर्ध्याचा गोरसपाक प्रसिद्ध आहे. गावाला जाताना आम्ही तो डब्बे भरून नेतो. तो गोड आहे, तुपाचा आहे, आणि खाणाऱ्याला हे पहिल्या घासात कळते. पौष्टिक आहार म्हणून तो कोणी मुलाच्या हातात देत नाही. आमचे भांडण गोडाशी नाही.

आता आपल्या आश्वासनांकडे येते. एप्रिल 2018 मध्ये आपण मसुदा काढला, त्यात साखर, मीठ, चरबी जास्त असेल तर दर्शनी बाजूला लाल खूण होती. तो त्याच वर्षी बाजूला ठेवला. 2019 मध्ये पुन्हा मसुदा आला, पुन्हा लाल रंग. 2020 च्या अंतिम नियमांत मात्र दर्शनी बाजूची ती तरतूदच नव्हती. सप्टेंबर 2022 मध्ये लाल खुणेऐवजी ताऱ्यांनी दर्जा दाखवण्याचा मसुदा आला. जुलै 2024 मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला आपण मंजुरी दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा मसुद्यावर 14 हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्याचे आपणच सांगितले, आणि 9 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने आपल्या तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांची मुदत दिली. ती मुदतही पुढे वाढवून घेतली गेली. 2018 साली पहिलीत असलेले मूल दरम्यान माध्यमिक शाळेत गेले. ही लाल खूण दोनदा कोणाच्या सांगण्यावरून पुसली गेली? हे विचारायचा हक्क मला आहे.

त्या ताऱ्यांबद्दल थोडे अधिक बोलते, कारण ग्रॅनोला बारला खरा फायदा त्यांचाच होणार आहे. 2022 च्या मसुद्यात अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत दर्जा आहे. साखर, मीठ, चरबी यांचे गुण विरुद्ध जातात. तंतू, प्रथिने, सुकामेवा, भरडधान्ये यांचे गुण बाजूने जातात आणि मग वजाबाकी होते. म्हणजे साखर तेवढीच ठेवून बदामाचे चार तुकडे आणि थोडा कोंडा वाढवला तर तारे वाढू शकतात. पोटात गेलेली साखर बदामाने वजा होत नाही, महोदय. शिवाय हे तारेही सुरुवातीची चार वर्षे ऐच्छिक. चिलीने 2016 मध्ये 'साखर जास्त' असे काळ्या अष्टकोनात पुढे छापायला लावले, मेक्सिकोने 2020 मध्ये. तिथल्या आईला जे एका नजरेत कळते ते इथल्या आईला गुणाकार करून का शोधावे लागावे?

आणि तो गुणाकार तरी कोणत्या भाषेत? आपल्या नियमांत इंग्रजी किंवा हिंदी पुरेशी आहे, मराठी उत्पादकाच्या मर्जीवर. सेलू किंवा समुद्रपूरच्या बाजारात आजी नातवासाठी बार घेते, तिला 'इन्व्हर्ट सिरप' वाचून काय बोध व्हावा? आमच्याच वर्ध्यात 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला. संघाच्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, जात्यावरचे पीठ यांचे काम चाले. धान्य सडताना आणि पॉलिश करताना त्यातले काय निघून जाते, हे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही समजावे अशी ती धडपड होती. त्या कामामागे सरकारही नव्हते आणि कायदाही नव्हता. आपल्याजवळ 2006 चा अन्न सुरक्षेचा अख्खा कायदा आहे.

शाळांबाबतही आपलाच नियम आहे. साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायचे नाहीत. वडापाव आणि शीतपेयाकडे मुख्याध्यापक बोट दाखवू शकतात. ओंब्यांचे चित्र असलेल्या या बारचे त्यांनी काय करायचे? कोणत्या आकड्याच्या वर गेला की तो 'जास्त साखरेचा', हे त्यांना वेष्टनावरून कळायला नको?

मला पुढच्या समितीची बातमी नको आहे. बारच्या दर्शनी बाजूला, नावाच्या शेजारी, त्या पुड्यात एकूण किती साखर आहे ते ग्रॅममध्ये आणि मराठीत छापले जावे. सर्व प्रकारची साखर घटकांच्या यादीत एकत्र मोजली जावी. हे सक्तीचे असावे. ते कोणत्या तारखेपासून होणार, एवढे कळवावे. आणि होणार नसेल तर कोणत्या कारणाने, हे त्या कारणाखाली सही करून कळवावे.

आपली,
वर्ध्याची एक नागरिक