कामचुकार कोण?

'हल्लीच्या कामगारांना कामाची ओढच नाही', हे वाक्य आमच्या वडगावात इतक्या वेळा ऐकू येते की त्याचा खरेखोटेपणा आता कोणी तपासत नाही. वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा भाग. मागांचा खडखडाट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अशाच एका कारखान्यात मी मजुरीची वही लिहीत होतो. मालक हे वाक्य रोज म्हणत, आणि वहीतले साड्यांचे आकडे पाहून मलाही ते पटू लागले होते.

पण मागाजवळ जाऊन बसल्यावर निराळेच दिसले. बीम संपले की दुसरे येईपर्यंत माणूस रिकामा. सूत आले नाही, रिकामा. लाईट गेली, रिकामा. मजुरी साडीवर, म्हणजे या रिकाम्या तासांचे दाम शून्य. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून हौसेने कोण बसून राहील? परंतु वहीत साड्यांचा एकच रकाना असल्यामुळे वाट पाहणे आणि आळस यांत काही फरकच उरत नव्हता.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना डग्लस मॅकग्रेगर परीक्षेपुरता ठाऊक असतो. १९६० सालचे पुस्तक, 'एक्स' आणि 'वाय' उपपत्ती, लिहिले की गुण मिळाले! माणूस मुळात काम टाळणारा, ही 'एक्स'ची समजूत. परिस्थिती अनुकूल असली तर तो जबाबदारी आपण होऊन घेतो, ही 'वाय'ची. पण त्याचे मर्म आमच्या नोट्समध्ये येत नाही. माणसाला कामचुकार धरून वागवले की तो हळूहळू तसाच वागू लागतो, आणि मग वरिष्ठ म्हणतात, 'बघा, मी म्हणत नव्हतो?'

निपाणीचे उदाहरण घ्या. तिथल्या तंबाखूच्या वखारींत बायका धुळीत, तुटपुंज्या मजुरीवर वर्षानुवर्षे राबल्या. मुकाट राबतात त्या अर्थी त्यांना हे मान्य असावे, असे बाहेरच्याला सहज वाटले असते. त्याच बायकांनी १९८० च्या सुमारास प्रा. सुभाष जोशी यांच्याबरोबर संघटना उभी केली, संप केला. दीपा धनराज यांच्या 'युगांतर' गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपटही काढला. त्यांची मनोवृत्ती एका रात्रीत बदलली म्हणायची, की ती आधीपासूनच होती आणि बोलायला जागा नव्हती? मला दुसरे पटते.

माणूस बोलतो एक आणि वागतो दुसरे, हेही विसरून चालणार नाही. अमेरिकेत लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ एका चिनी दांपत्याबरोबर २५१ हॉटेले-खाणावळी फिरला. नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर त्याने पत्रे पाठवून 'चिनी गिऱ्हाईक घ्याल का?' असे विचारले, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' कळवले! हे त्याने १९३४ साली छापले. आमच्याकडे याचे नवल वाटू नये. पानपट्टीवर सीमाप्रश्नावरून हमरीतुमरीवर येणारे दोघे कारखान्यात शेजारच्या मागांवर असतात. एकाचा धागा तुटला की तो 'स्वल्प हिडी' म्हणतो. दुसरा मराठीत कुरकुरत का होईना, हात लावतोच. मग यांची खरी वृत्ती कोणती धरायची, पानपट्टीवरची की मागावरची? नोकरीच्या मुलाखतीत दहा प्रश्न विचारून उमेदवाराचा 'ॲटिट्यूड' जोखणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

मालकालाही मी खलनायक ठरवत नाही. व्यापाऱ्याकडे त्यांची बिले महिनोन् महिने अडकतात. तेही वाट पाहतच बसलेले असतात. फरक इतकाच, की त्यांना कोणी आळशी म्हणत नाही.

सुट्टी संपण्यापूर्वी मी वहीत 'खोळंबा' असा एक रकाना आखला आणि तास व कारण लिहू लागलो. मालकांनी पाहिले. 'हे कशाला?' म्हणाले. मी सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण रकाना खोडलाही नाही. परवा सहज डोकावलो, तर नव्या वहीतही तो होता. अक्षर मात्र त्यांचे होते.