घरच्या शाळेचे दप्तर

निवृत्तीपूर्वी अनेक वर्षे मी या शाळेच्या कार्यालयात लेखनिक होतो. त्या काळात माजी विद्यार्थी परत येत ते दोनच कारणांनी: स्नेहमेळाव्यासाठी, नाहीतर जनरल रजिस्टरचा उतारा नेण्यासाठी. मेळाव्याला येणारे हसत येत. उताऱ्यासाठी येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मात्र काळजी असे. मुलाचा प्रवेश अडलेला, जात पडताळणी समितीने वडिलांचा पुरावा मागितलेला आणि घरात पत्र्याची पेटी उपसूनही कामाचा कागद सापडलेला नाही. अशा वेळी कपाटातल्या जाड खंडातील एक ओळ त्या कुटुंबाच्या कामी येई.

हे आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या वर्षी भेटायला आलेला एक माजी विद्यार्थी. वसतिगृहात राहून शिकलेला हा मुलगा आज पुण्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. सात वर्षांच्या मुलीला त्याने शाळेतून काढले असून नवरा-बायको मिळून तिला घरीच शिकवतात. "भाऊसाहेब, कायद्याने हे चालते ना?" असे त्याने विचारले. मुलगी चुणचुणीत आहे, वयाच्या मानाने पुष्कळ वाचते. मला स्वतःला ही कल्पना फारशी रुचत नाही, कारण वसतिगृहाच्या पंगतीत मुले जे शिकतात ते घरी शिकवता येत नाही, असे माझे जुने मत आहे. परंतु त्याच्या शिकवण्याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती कागदांबद्दल.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या पाल्याला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे त्याचे दहावे कलम सांगते. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा नाही. घरच्या शिक्षणासाठी अर्ज नाही, नोंदणी नाही, तपासणीला येणारा अधिकारीही नाही. म्हणजे शिक्षा नाही, तशी मान्यताही नाही. शिवाय आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. त्यामुळे सर्वेक्षणाला दारी आलेले शिक्षक या हुशार मुलीला 'शाळाबाह्य' लिहून गेले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

"नियमच नाहीत, तर मग कागद कशाला?" असे तो म्हणाला. माझे मत नेमके उलट आहे. शाळेत मूल असते तेव्हा त्याचे दप्तर आम्ही लेखनिक सांभाळतो. मूल घरी आणले की ते काम पालकाकडे येते, आणि ते मागणारा कोणी नसल्यामुळे राहून जाते. त्याची उणीव दहा-पंधरा वर्षांनी कळते.

इतरांपेक्षा आपल्या समाजाला ही उणीव अधिक जाचते. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा पाहिला जातो. आजोबा-पणजोबांची शाळेतील नोंद, कोतवाल बुकातील जन्मनोंद, जमिनीचा जुना उतारा यांवर सारे उभे असते. १९५६ नंतर अनेक पालकांनी जातीच्या रकान्यात अभिमानाने केवळ 'बौद्ध' लिहिले. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला मात्र १९९० उजाडले. त्यामुळे आजही मागच्या पिढीची रजिस्टरमधील ओळ शोधावी लागते. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी, १९१४ या क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव चढले, आणि २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपण ज्याला वंदन करतो तो दिवस शाळेच्या रजिस्टरातील एका नोंदीचा आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याला मी जे सांगितले ते असे. मुलगी जेवढे दिवस शाळेत होती त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मूळ स्वरूपात घे आणि तिथेच उभा राहून अक्षर न् अक्षर तपास, कारण जनरल रजिस्टरमधील चूक नंतर दुरुस्त करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जावे लागते. तिचा जातीचा दाखला आताच काढ. तुझे स्वतःचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जिवापाड जप. एक पानांवर क्रमांक घातलेली वही कर. काय शिकवले, कोणत्या पुस्तकातून, कोणत्या तारखेला, हे त्यात येऊ दे. सहा महिन्यांनी तिच्या हस्ताक्षरातील लेखन, गणिते, चित्रे तारखेसह बांधून ठेव. या वहीला कायद्याने मोल नाही. पण चौदा वर्षांच्या आत तिला पुन्हा शाळेत घालायचे ठरले, तर वयानुरूप वर्गात प्रवेश हा तिचा हक्क आहे, आणि तिला काय येते हे त्या गुरुजींना वहीवरून समजेल. नववीपासून मात्र हे संरक्षण नाही. तिथे मागच्या इयत्तेचे गुणपत्रकच लागते.

परीक्षेचा मार्गही आधीच ठरवावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेतून तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष परीक्षा देता येतात, आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीचीही. राज्य मंडळाच्या दहावीला खाजगीरीत्या बसायचे, तर सतरा नंबरचा अर्ज भरावा लागतो. त्यासाठी निदान पाचवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा आणि शाळेचा दाखला लागतो. ज्या मुलीकडे पाचवीचाही कागद नाही, ती कितीही वाचणारी असो, त्या खिडकीवर तिचे काही चालत नाही. पाचवी ते दहावीच्या अनुसूचित जातीच्या मुलींना मिळणारी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती शाळेमार्फतच येते, तीही सोडावी लागेल. त्याला तिची गरज नाही. त्याच्या धाकट्या भावाला, गावी राहणाऱ्याला, असेल. म्हणून पुण्याच्या नातलगांचे पाहून कोणी घाईने मूल शाळेतून काढू नये, एवढे मी आवर्जून म्हणेन.

गेल्या महिन्यात तो पहिली वही घेऊन आला. नीटनेटकी होती, तारखा होत्या. सोबत मुलीचा जन्मदाखला आणि आधारकार्ड होते. एकावर आईचे नाव माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. ते आधी एक करून घे, असे सांगून मी वही परत दिली.