शोधाच्या पानावरचा पुसट होत गेलेला रंग

१/ इतिहासाच्या अभ्यासकाचा पहिला धडा साधनचिकित्सेचा असतो : कागद कोणी लिहिला, कोणासाठी, कोणाच्या पैशाने? बखरीला विचारला जाणारा हा प्रश्न शोधयंत्राच्या पानाला मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक तेही एक साधनच आहे.

२/ १९९० साली मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी ‘आर्ची’ घडवले. त्यात चित्रे नव्हती, बटणे नव्हती. आज्ञा टाइप करून फाइलींची नावे शोधावी लागत. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांच्या ‘याहू’ने संकेतस्थळांची विषयवार सूची मांडली. ग्रंथालयातल्या कपाटांसारखी ती मांडणी वाचकाला उघड दिसत होती.

३/ १९९८ मध्ये गूगल आले : पांढरे पान, एक चौकट, दोन बटणे. ही सुटसुटीत रचना लोकांना भावली, आणि ते रास्तच होते. पण मांडणी नाहीशी झाली नव्हती. ती पडद्याआड गेली होती.

४/ त्याच वर्षी सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी आपल्या शोधनिबंधात बजावले होते की जाहिरातींवर पोसलेले शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल. २००० साली गूगलनेच ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केले.

५/ पुढचा इतिहास रंगांचा आहे. आरंभी वरच्या जाहिरातींमागे वेगळ्या रंगाचा पट्टा असे. २०१३ च्या सुमारास तो जाऊन पिवळी चिठ्ठी उरली. २०१६ मध्ये ती हिरवी झाली, २०१७ मध्ये नुसती हिरवी चौकट राहिली. जानेवारी २०२० मध्ये संगणकाच्या पडद्यावरही काळ्या अक्षरांतला एक शब्द तेवढा शिल्लक राहिला. टीका झाली, तेव्हा कंपनीला त्या रचनेत फेरफार करून पाहावे लागले.

६/ ‘जाहिरात असे लिहिलेले तर असते ना?’ असा युक्तिवाद केला जाईल. लिहिलेले असते, हे खरे. परंतु सीमारेषा असणे वेगळे आणि ती सहज दिसणे वेगळे. पट्टा पाहावा लागत नाही, तो दिसतो. शब्द मात्र शोधून वाचावा लागतो. विकत घेतलेली जागा आणि गुणवत्तेने मिळालेली जागा यांतले अंतर डोळ्यांना कळू नये, ही रचना निर्हेतुक मानणे भोळेपणाचे ठरेल.

७/ आज एखाद्या विषयाची पहिली ओळख बहुधा याच पानावर होते. म्हणून पहिल्या दुव्याला पहिला पुरावा समजू नये. तो वर का आहे, हे विचारणे हीच आजची साधनचिकित्सा.