दुधाचं पातेलं कशाचं?

मैत्रिणींनो, पितळेला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. आळेफाट्याला तुम्ही पुणे-नाशिक रस्त्याने या की कल्याण-नगर रस्त्याने, भांड्यांच्या दुकानात पितळी पातेली, कढया आणि तांब्याच्या बाटल्या पुढे मांडलेल्या दिसतात. लग्नसराईत रुखवतात मांडायला पितळेचं काहीतरी हवंच असतं. माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली सासूबाईंची भांडीही खाली उतरू लागली आहेत. ‘स्टील नको, नॉनस्टिक नको, आपलं जुनं तेच बरं,’ असं ज्या तिच्या तोंडी ऐकू येतं.

जुनं बरं, यात खोटं काही नाही. पण भांडी खाली उतरवायची तर त्यांच्याबरोबरचे नियमही खाली उतरवायला हवेत ना? त्यातला पहिला नियम दुधाचा. तो मोडला तेव्हा काय झालं, हे आपल्याच पुणे जिल्ह्याने पाहिलेलं आहे. आजच्या तरुण सुनांना ते कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून आज तेवढंच सांगायला बसले आहे.

आज साठी उलटलेल्या बायकांना विचारा, ‘पोराचं लिव्हर वाढलंय’ हे शब्द त्यांना नक्की आठवतील. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचं मूल, त्यातही बहुधा एक ते तीन वर्षांचं. आधी किरकिर सुरू व्हायची, मग खाणं तुटायचं. पोट फुगून यायचं, यकृत हाताला टणक लागायचं, पुढे कावीळ दिसायची आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. एकाच घरात पाठोपाठ दोन भावंडं गेल्याचीही उदाहरणं होती. घराण्याचा दोष म्हणा, नशीब म्हणा, आईच्या दुधाला नावं ठेवा, असं सगळं व्हायचं. डॉक्टर या रोगाला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ म्हणत. भारतातल्या मुलांचा रोग म्हणूनच तो जगात ओळखला जाई.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर या रोगाचा माग काढला. या मुलांच्या यकृतात तांबं साठलेलं असतं, हे तोवर लक्षात आलं होतं. निरोगी यकृतात, वाळवलेल्या एका ग्रॅममागे, साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं सापडतं. या मुलांत ते हजाराच्या घरात जाई. एवढं तांबं इतक्या लहान जिवाच्या पोटात आलं कुठून? आयांना नीट विचारल्यावर उत्तर चुलीपाशी सापडलं. आजारी पडलेल्या मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं होतं, आणि ते गाईचं-म्हशीचं दूध कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जात होतं. १९८३ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकाच्या साप्ताहिकात छापून आलं. पुढे घराघरांतली भांडी बदलत गेली, दुधासाठी स्टील आलं, तसा हा रोग ओसरला. १९९२ साली याच डॉक्टरांनी तो टाळता कसा येतो यावर लेख लिहिला. आज नव्या डॉक्टरांना असा रोगी क्वचितच पाहायला मिळतो.

एकाच पातेल्यातलं दूध पिऊन सगळी मुलं काही आजारी पडली नाहीत. काहींच्या अंगात उपजतच तशी प्रवृत्ती असावी. पण ती कुणाच्या अंगात आहे हे आधी कळत नाही, आणि पातेलं बदलणं मात्र आपल्या हातात असतं.

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. ऑस्ट्रियात टिरोल नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथेही गाईचं दूध साखर घालून उघड्या तांब्याच्या भांड्यात आटवून तान्ह्या मुलांना पाजायची पद्धत होती. १९०० ते १९७४ या काळात तिथे १३८ मुलं अशाच रोगाने गेली. तांब्याची भांडी गेली आणि रोगही गेला.

आता तुम्ही म्हणाल, तांब्याच्या कळशीतलं पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या पितो, मग दुधानेच काय पाप केलं? तर दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं, ते तांब्याला धरून ठेवतं. पाण्यात उतरणारं तांबं थोडं; दूध ते ओढून घेतं. त्यातून आपण दूध तापवतो, तसंच ठेवतो, संध्याकाळी पुन्हा तापवतो. जेवढी उष्णता आणि जेवढा वेळ, तेवढं तांबं जास्त. नको असलेलं तांबं पित्तावाटे बाहेर टाकायचं काम यकृताचं. मोठ्या माणसाचं यकृत ते करतं. तान्ह्याच्या यकृतात जन्मतःच आईकडून आलेलं तांबं साठवलेलं असतं आणि बाहेर टाकायची ताकद अजून कमी असते. म्हणून फटका त्याला बसतो.

आपल्या जुन्या बायकांना केसीन ठाऊक नव्हतं, पण ‘ताक कळकलं’ हा शब्द ठाऊक होता. पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, हिरवट होतं, तोंडाला विचित्र लागतं. म्हणूनच कल्हईवाला आला की आधी सगळी भांडी त्याच्यापुढे जायची. कल्हई हा शोभेचा प्रकार नव्हे. ते अन्न आणि पितळ यांच्यामधलं कथलाचं अस्तर आहे. ते झिजून आत पिवळं दिसू लागलं की भांडं उघडं पडलं असं समजावं. चिंच-मीठ लावून घासल्यावर पितळ कसं सोन्यासारखं चमकतं! पण आतून चमकणारं पितळ म्हणजेच कल्हई नसलेलं पितळ, हे विसरू नका. सरकारच्या २०११ सालच्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यातलं अन्न खाण्यास अयोग्य धरलं होतं.

तर आता आपल्या स्वयंपाकघरात काय करायचं?

दुधाचं पातेलं स्टीलचंच ठेवा. जाड बुडाचं घेतलंत तर दूध लागणार नाही. दही विरजायला, ताक घुसळायला, कढीलाही स्टीलच वापरा. बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि वर्षाच्या आत गाई-म्हशीच्या दुधावर त्याला वाढवू नये, हे डॉक्टर सांगतात तेही पाळा.

पितळेत भात, खिचडी, पुरण जरूर करा, पण आतून पांढरीशुभ्र कल्हई हवी. चिंचगुळाची आमटी, टोमॅटोचं सार, कैरी, कोकम त्यात नको. कल्हईच्या भांड्याला तारेची घासणी लावू नका, काथ्याने किंवा मऊ घासणीने घासा. रिकामं भांडं आचेवर ठेवू नका. कथील २३२ अंशांवर वितळतं. कल्हई करून घेताना शुद्ध कथलाचीच हवी म्हणून सांगा, कारण स्वस्तात करण्यासाठी त्यात शिसं मिसळलं जाऊ शकतं, आणि शिसं तर मुलांच्या मेंदूचा वैरी. शोभेच्या पितळेवर चकचकीत लॅकर असतं, ते चुलीवर चढवायचंच नाही.

तांब्याच्या बाटलीत साधं पाणी ठीक आहे. लिंबूपाणी किंवा सरबत भरून मुलांना शाळेत देऊ नका, मळमळ आणि उलट्या होतात.

जर्मनच्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट शिजवणं टाळा आणि रात्रभर तर काहीच ठेवू नका. बिनछापाचं स्वस्त भांडं भंगार वितळवून ओतलेलं असू शकतं, त्यातही शिशाची भीती असते. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर आयएसआयची खूण सक्तीची करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ साली काढला. तेव्हा घेताना खूण पाहा. लोहचुंबक चिकटतो की नाही यावरून स्टीलची पारख होत नाही, बरं का!

लोखंडी कढई-तवा मात्र बिनघोर वापरा. मासवडीचा रस्सा असो की पालेभाजी, थोडं लोह अन्नात उतरतं आणि ते आपल्या बायकांना हवंच असतं. झाल्यावर भाजी काढून घ्या, कढई धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवा.

नॉनस्टिक तवा रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नका. २६० अंशांपुढे त्याचा लेप बिघडून विषारी धूर निघतो. घरात पोपट असेल तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. ओरखडे पडून लेप निघू लागला की तवा बाद करा. मातीचं भांडं कुंभाराकडचं साधं घ्या. रंगीत चकचकीत लेपात शिसं असू शकतं.

शेवटी, यातली सर्वांत अवघड गोष्ट. घरात बाळ आहे आणि सासूबाई मोठ्या मायेने त्यांच्या पितळी पातेल्यात दूध तापवतात. त्यांना कसं सांगायचं? ‘तुमचं भांडं विषारी आहे’ असं म्हणाल तर वाद होईल आणि दूध तिथेच राहील. त्यापेक्षा म्हणा, ‘आई, पातेल्याला कल्हई करून आणते, सणाचं पुरण त्यातच शिजवू. बाळाचं दूध तेवढं या स्टीलच्या पातेल्यात घेते.’ पातेल्याचा मान राहील, त्यांचाही राहील. आणि त्यांनीच कधीतरी ‘लिव्हर’ने गेलेल्या एखाद्या शेजारच्या पोराची आठवण काढली, तर त्यांना ही हकिकत जरूर सांगा. त्या पोराच्या आईला पुष्कळ नावं ठेवली गेली असतील. तिच्या दुधात काही खोट नव्हती, हेही या संशोधनातून कळलं आहे.