रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणणाऱ्यावर आपण वैतागतो. मग सोनोग्राफी नॉर्मल आल्यावर 'टेन्शनमुळे दुखतंय' हे उत्तर मुकाट का ऐकतो?

पोटात वारंवार असह्य कळा येण्यामागे कधीकधी ॲक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया असतो. हा आनुवंशिक आजार. यकृतात हीम बनवणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम कमी पडतं. कडक उपास, काही औषधं यांनी दुखणं उसळतं. कळा चालू असतानाच लघवीतलं पॉर्फोबिलिनोजन तपासायचं. श्रीवर्धनसारख्या गावात ही सोय नसली, तरी उजेडापासून झाकलेला, थंड ठेवलेला नमुना मुंबईला पाठवता येतो. निदान झालं तर ग्लुकोज, हेमिन हे उपचार आहेत; 2019 पासून गिवोसिरानही आहे. म्हणून उगाच पोट उघडण्याआधी डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचारा.

दुर्मिळ म्हणून शोधलंच नाही, तर दुर्मिळच राहणार ना!