दावा आपसांत मिटला, तरी अर्धी कोर्ट फी सरकारकडे का?

माननीय विधी व न्यायमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करतो. पक्षकार मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात आणि त्यांना पटेल असं उत्तर मला देता येत नाही, म्हणून हे पत्र. प्रश्न असा : "वकीलसाहेब, भांडण आमचं आम्हीच मिटवलं. कोर्टाला साक्षीपुरावा घ्यावा लागला नाही, निकालपत्र लिहावं लागलं नाही. मग फी अर्धीच का परत मिळते?"

कायद्याचं उत्तर मला ठाऊक आहे. महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम, १९५९ याच्या कलम ४३ प्रमाणे पुरावा नोंदवायला सुरुवात होण्याआधी पक्षकारांनी दावा तडजोडीने मिटवला, तर वादीला भरलेल्या फीची निम्मी रक्कम परत मिळते. त्यासाठी एका वर्षाच्या आत मागणी करावी लागते. पुरावा सुरू झाल्यानंतर तडजोड झाली, तर या तरतुदीखाली काहीच मिळत नाही. तोच दावा लोकअदालतीत मिटला, तर मात्र विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम २१ मुळे फी परत मिळण्याचा वेगळा आणि अधिक उदार मार्ग खुला होतो.

याचा प्रत्यक्षातला परिणाम कोणत्याही तालुका न्यायालयाच्या आवारात दिसतो. खत-बियाण्यांचा दुकानदार आणि त्याचं उधारी थकलेलं गिऱ्हाईक गावातल्या चार जाणत्यांसमोर बसतात, रक्कम ठरते, हप्ते ठरतात. दुसऱ्या दिवशी तडजोडीची पुरसिस देऊन विषय संपायला हवा. पण वकिलाला फीचा हिशेब करावा लागतो आणि तो सांगतो, "थांबा, पुढच्या लोकअदालतीत ठेवू." राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. तोवर मिटलेला वाद फाइलमध्ये जिवंत राहतो आणि तारखा पडत राहतात. मधल्या काळात एखादा हप्ता चुकतो, कुणाचा तरी भाऊ कान भरतो आणि जमलेली तडजोड मोडते. दोन माणसांनी समजूतदारपणे केलेली गोष्ट कायद्याच्या रचनेमुळे बिघडते, याचं मला खरोखर दुःख होतं.

पुराव्याच्या अटीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण खरी अडचण तिथेच आहे. तडजोड कधी होते? दावा दाखल करताना माणूस रागात असतो. कैफियत वाचून राग आणखी वाढतो. मुद्दे काढले जातात तोपर्यंत दोघांनाही आपण जिंकणारच असं वाटत असतं. उलटतपासणी सुरू झाली की चित्र बदलतं. आपली पावती किती कच्ची आहे, आपला साक्षीदार किती डळमळतो, हे वादीला कळतं. प्रतिवादीलाही आपल्या सहीचं स्पष्टीकरण देता येत नाही. समेटाची भाषा पहिल्यांदा निघते ती या टप्प्यावर, आणि नेमक्या याच टप्प्यावर आपला कायदा परताव्याचं दार बंद करतो.

शिवाय ही रेषा आखली गेली तेव्हा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सरतपासणी देत असे. २००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम ४ प्रमाणे सरतपासणी शपथपत्रावर होते. मग शपथपत्र दाखल झालं म्हणजे पुरावा नोंदवला गेला का? की साक्षीदाराने ते न्यायालयासमोर शाबीत करेपर्यंत थांबायचं? काही हजारांच्या परताव्यासाठी हा युक्तिवाद करण्याची वेळ पक्षकारावर येऊ नये.

सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत दिशा दाखवली आहे. तामिळनाडूत एका प्रकरणात पक्षकारांनी न्यायालयाबाहेर स्वतःच तडजोड केली. तिथल्या कायद्यातलं कलम ६९-अ दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली, म्हणजे न्यायालयाने लवाद, मध्यस्थी, लोकअदालत अशा मार्गांकडे पाठवून मिटलेल्या दाव्यांपुरतंच आहे, असं म्हणून फीचा परतावा नाकारला गेला. मद्रास उच्च न्यायालयाने पक्षकाराच्या बाजूने निर्णय दिला, त्याच न्यायालयाच्या प्रशासनाने त्याला आव्हान दिलं आणि १७ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आव्हान फेटाळलं. न्यायालयाने पाठवल्यावर जे मिटवतात त्यांना पूर्ण फी परत आणि न्यायालयाला कसलाही त्रास न देता जे स्वतःहून मिटवतात त्यांना काहीच नाही, ही विसंगती न्यायालयाला मान्य झाली नाही. तो निर्णय तामिळनाडूच्या कायद्यावरचा आहे, हे मला माहीत आहे. पण त्यातला विचार कोल्हापूरला आणि गडचिरोलीलाही तितकाच लागू पडतो.

सर्वोच्च न्यायालय वगळता इतर सर्व न्यायालयांची फी हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवायला जागा नाही. विधेयक येईपर्यंतही थांबायला नको. कलम ४३ च्या पोटकलम (२) ने शासनाला नुसत्या आदेशाने, ठरवून दिलेल्या परिस्थितीत, फीचा कोणताही भाग परत करण्याची तरतूद करण्याचा अधिकार दिला आहे. तो अधिकार खासगी तडजोडींसाठी वापरावा, ही माझी पहिली विनंती. पुराव्यापूर्वी मिटलेल्या दाव्यात अर्ध्याहून पुष्कळ मोठा भाग परत द्यावा. पुरावा सुरू झाल्यावर पण युक्तिवादापूर्वी मिटलेल्या दाव्यातही निदान अर्धी फी परत मिळावी. खासगी तडजोडीत पूर्ण परतावा द्यायचा तर कायद्यातच दुरुस्ती करावी लागेल. ती पुढच्या अधिवेशनात आणावी.

तिजोरीचं नुकसान होईल, असं वित्त विभाग म्हणेल. दावा पुढे चालवायला न्यायाधीशाचा वेळ, लघुलेखक, बेलिफ, मग अपील, मग दरखास्त, या सगळ्याचा खर्च त्याच तिजोरीतून होतो. विधी आयोगाने एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली १९५८ साली दिलेल्या चौदाव्या अहवालातच न्यायालय फी हे शासनाच्या उत्पन्नाचं साधन होऊ नये, अशी भूमिका घेतली होती. आपला अधिनियम त्याच्या पुढच्याच वर्षी झाला.

फीचं ओझंही सारखं वाटलेलं नाही. जानेवारी २०१८ पासून महाराष्ट्रात फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपये झाली. म्हणजे शंभर कोटींच्या दाव्यावर फी जास्तीत जास्त ०.१ टक्के बसते. लाख-दोन लाखांची उधारी वसूल करणाऱ्याला त्याच्या दाव्याच्या प्रमाणात याच्या कितीतरी पट भरावं लागतं. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने दाव्याच्या मूल्यानुसार आकारल्या जाणाऱ्या फीला घटनाबाह्य ठरवलं नाही, पण राज्यांनी तिचा फेरविचार करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. परताव्यात अडकलेली रक्कम लहान वादीलाच जास्त जाणवते, म्हणून हे इथे लिहिलं.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. फी भरणं आता सोपं झालं आहे. शासनाच्या 'ग्रास' या ऑनलाइन प्रणालीवर घरबसल्या पैसे भरता येतात. परत घ्यायची वेळ आली की मात्र अर्ज, आदेश, दाखला आणि कोषागार असा जुना प्रवास सुरू होतो. नांदगावहून नाशिकला दोन खेपा घालायच्या, मजुरी बुडवायची, आणि एवढं करून हाती काय येणार, या विचाराने पक्षकार नाद सोडतो आणि वर्षाची मुदत उलटून जाते. तडजोडीवर हुकूमनामा करतानाच न्यायालयाने परताव्याची रक्कम आदेशात लिहावी, वेगळ्या अर्जाची आणि मुदतीची अट काढावी, आणि फी ज्या खात्यातून ऑनलाइन आली त्याच खात्यात ती परत जावी. यासाठी उच्च न्यायालय आणि वित्त विभाग यांच्याबरोबर आपल्या विभागाने बैठक घ्यावी, ही माझी दुसरी विनंती.

तोवर निदान एक परिपत्रक काढता येईल. कलम ४३ खाली परतावा मिळू शकतो आणि त्याची मुदत एक वर्ष आहे, ही माहिती मराठीत प्रत्येक दिवाणी न्यायालयाच्या सूचनाफलकावर आणि तडजोडीच्या हुकूमनाम्याच्या प्रतीवर छापावी. आपल्याला अर्धी फी परत मागता येते, हेच पुष्कळ वादींना अजून माहीत नाही.

आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील