विश्लेषण : 'स्ट्रीट फायटर'मधला धालसिम कधी बलवान, कधी दुबळा; असे का?

'स्ट्रीट फायटर'वरील नव्या चित्रपटात विद्युत जामवाल धालसिम साकारतो आहे. तेव्हापासून या भारतीय योग्याची पुन्हा चर्चा आहे. गेमर मंडळींचा प्रश्न मात्र वेगळा आहे : एकाच पात्राची ताकद प्रत्येक भागात का बदलते?

धालसिमची खासियत काय?

१९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये तो पहिल्यांदा दिसला. त्याचे हातपाय लांबवर ताणले जातात आणि तो तोंडातून आग फेकतो. चाल मात्र संथ. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवणे हाच त्याचा डाव. समोरचा जवळ आला की धालसिम अडचणीत येतो.

ताकद कशी बदलत गेली?

१९९४ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो'मध्ये तो सर्वात बलवान पात्रांपैकी एक मानला जातो. १९९७ च्या तिसऱ्या मालिकेत तो नव्हताच. २००८ मध्ये आलेल्या चौथ्या मालिकेत तो परतला, पण 'फोकस अटॅक' ही नवी सोय सगळ्यांनाच मिळाली होती. तिने एक फटका अंगावर झेलून उलट वार करता येई. लांबून एकेक फटका मारणाऱ्या धालसिमला हे जड गेले. शिवाय त्याची प्राणशक्ती ९००, तर र्‍यूची १०००.

२०२३ च्या 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये 'ड्राइव्ह रश' आला. त्यामुळे कोणीही झपकन अंतर कापू शकतो. म्हणजे धालसिम तोच असला, तरी आजूबाजूचे नियम बदलले की त्याचे वजन बदलते.

हे ठरवते कोण?

गेम बनवणारी कंपनी, कॅपकॉम. एखादे पात्र डोईजड झाले तर त्याची धार कमी करतात. त्याला 'नर्फ' म्हणतात. दुबळ्याला बळ दिले की तो 'बफ'. मे २०२४ मध्ये अकुमा हे पात्र दाखल झाले, तेव्हा 'स्ट्रीट फायटर ६'मधील इतर पात्रांमध्येही मोठे फेरबदल झाले. नवे काही शिकायला मिळावे आणि सगळे एकाच पात्राच्या मागे लागू नयेत, हा यामागचा हेतू असतो.

नागपूरकरांना हे कसे समजेल?

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. तिचा वजीर जगात कुठेही सारखाच चालतो. वजीर एकेकाळी तिरका एकच घर जाई. आजची चाल त्याला सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपात मिळाली. म्हणजे 'बफ' बुद्धिबळातही झाला, पण त्यानंतर नियम स्थिरावला. फायटिंग गेममध्ये हे एका अपडेटसरशी होते.

मग अडचण कुठे आहे?

ई-स्पोर्ट्स आता खेळ म्हणून मान्य आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने त्याला बहुक्रीडा स्पर्धांमध्ये स्थान दिले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैशांच्या खेळांपासून त्याला वेगळे केले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास भारताकडून खेळले. तेव्हा 'स्ट्रीट फायटर ६' बाजारात आला होता, पण पदकाची लढत पाचव्या भागावर झाली. कोणता भाग खेळवायचा, यावरच खेळाडूची कित्येक महिन्यांची मेहनत अवलंबून असते.

त्यामुळे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आवडत्या पात्राची ताकद कंपनीच्या हाती आहे. अंतराचा अंदाज, वेळ साधणे आणि समोरच्याचा डाव ओळखणे मात्र कुठलाही पॅच काढून घेऊ शकत नाही.